दिवस गेल्यावर आणि बाळंतपणानंतर



आपल्या भागातल्या कोणत्याही नीटनेटक्या गोठ्यात जा. दावणीच्या वरच्या भिंतीवर एक कॅलेंडर लटकत असते आणि त्यावर पेनाने खुणा केलेल्या असतात. कोणती गाय कधी भरवली, गाभण तपासणी कधी झाली, आटवायची कधी, विणार कधी. होल्स्टीन फ्रिजियन, जर्सी आणि गीर अशा तीन जातींच्या संकरातून ‘फुले त्रिवेणी’ ही गाय ज्या कृषी विद्यापीठाने तयार केली, त्याच्या शेजारची आपण माणसे. गाईच्या नोंदी ठेवायला राहुरी तालुक्यात आता कोणाला शिकवावे लागत नाही.

गाईचा गाभणकाळ साधारण २८० दिवसांचा. बाईचे दिवस शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजले तर तेही २८०च भरतात. पण ज्याला गाईची तारीख तोंडपाठ आहे, त्याला ‘घरी शेवटची पाळी कधी आली होती?’ असे विचारून पाहा. तो खाली बघतो. ते बायकांचे काम, असे त्याला वाटते.

आज त्याच विषयावर लिहायचे आहे. दिवस गेल्यावर आणि बाळंतपणानंतर बाईच्या शरीरात काय फरक पडतो, त्या काळात नवरा-बायकोचा शरीरसंबंध असावा की नसावा, असला तर कसा आणि नसावा तर कधीपर्यंत. पिकांवर आणि जनावरांवर लिहिणाऱ्या माणसाने हे कशाला लिहावे, असे काहींना वाटेल. त्याचे कारण असे की, लोक हा प्रश्न डॉक्टरला विचारत नाहीत, आम्हाला विचारतात. मुळा कालव्याखालच्या एका गावात गाई आटवण्याविषयी मेळावा होता. मेळावा संपला, लोक पांगले आणि तिशीच्या आतला एक शेतकरी माझ्या मोटारसायकलीजवळ घोटाळत राहिला. “साहेब, एक विचारू का? तुम्ही गावातले नाही म्हणून विचारतो.” त्याच्या बायकोला पाचवा महिना होता. आई म्हणत होती, आता तू ओसरीवर झोपत जा, पोटातल्या लेकराला धक्का बसेल. मित्र म्हणत होते, काही होत नाही, बायकांची नाटकं असतात. बायको काहीच बोलत नव्हती. मी म्हटले, “तिला विचारलंस का?” तो म्हणाला, “असलं कसं विचारायचं?”

असे विचारणारा तो पहिला नव्हता. मी डॉक्टर नाही. खाली जे लिहितो आहे ते स्त्रीरोगतज्ज्ञ डॉक्टरीणबाईंकडून समजून घेऊन लिहितो आहे.

मराठीत या विषयावर लिहिण्याची वाट जुनीच आहे. रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२७ साली ‘समाजस्वास्थ्य’ मासिक काढले आणि १९५३ साली मृत्यू येईपर्यंत चालवले. वाचक त्यांना आपले खाजगी प्रश्न पत्राने विचारत आणि ते उत्तरे छापत. या उत्तरांवरूनच १९३४ साली त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला चालला. त्यांच्या बाजूने वकील म्हणून डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले होते. तरीही कर्व्यांना दंड झालाच. आज मला दंडाची भीती नाही. घरातले वडीलधारे हे पान काढून ठेवतील, एवढीच भीती आहे. तसे करू नका. मुलाला आणि सुनेला वाचू द्या, आपणही वाचा.

पहिला गैरसमज गोठ्यातूनच आलेला आहे. गाय गाभण राहिली की माजावर येत नाही, वळूला जवळ येऊ देत नाही. त्यावरून ‘मुक्या जनावराला कळतं, माणसाला कळू नये?’ असे पारावर बोलले जाते. ऐकायला बरे वाटते, पण ते खरे नाही. गाईला साधारण दर २१ दिवसांनी काही तासांपुरता माज येतो आणि तेवढ्या वेळेपुरतीच ती वळू घेते. बाईचे तसे नाही. तिची इच्छा ठरावीक तासांना बांधलेली नसते. शरीरातली संप्रेरके, अंगातला थकवा, घरातले बोलणे, नवऱ्याचे वागणे, या सगळ्यांशी ती जोडलेली असते. त्यामुळे दिवस गेले म्हणजे इच्छा संपलीच असे नाही, आणि राहिलीच पाहिजे असेही नाही. दोन्ही निरोगी आहे.

आता ‘धक्का बसेल’ या भीतीविषयी. गर्भाशय म्हणजे जाड स्नायूंची पिशवी. तिच्या आत पाणमोट आणि पाणमोटीतल्या पाण्यात मूल. गर्भाशयाचे तोंड बंद असते आणि त्यात घट्ट, चिकट पदार्थाचे बूच बसलेले असते. संबंधाच्या वेळी मुलापर्यंत काही पोचत नाही. सगळे सुरळीत चाललेल्या गर्भारपणात संबंध ठेवल्याने मुलाला इजा होत नाही, गर्भही पडत नाही. पहिल्या तीन महिन्यांत जे गर्भ पडतात, त्यांतल्या बऱ्याचशांचे कारण गर्भाच्या मूळ जडणघडणीतच असते. रोपवाटिकेत टाकलेल्या कांद्याच्या बियांपैकी काही उगवत नाही. तो राखण करणाराचा दोष नसतो. हे मुद्दाम लिहितो, कारण गर्भ पडला की सासू सुनेला बोलते, सून मनातल्या मनात नवऱ्याला दोष देते आणि नवरा पुढच्या खेपेला नऊ महिने तिच्याशी धड बोलतही नाही. दोघेही न केलेल्या पापाचे ओझे वाहत असतात.

महिन्यामहिन्याने काय होते ते पाहू. पहिले तीन महिने मळमळ, उलट्या, छाती दुखणे आणि झोप अनावर होणे हे असतेच. पुष्कळ बायकांना या काळात नवरा जवळ आलेलाही नको वाटतो. बिडी-तंबाखूचा वाससुद्धा सहन होत नाही. हा नवऱ्याचा राग नव्हे. ती संप्रेरकांची उलथापालथ आहे. त्यात आपल्याकडच्या बायकांत रक्त कमी. २०१९ ते २१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या गर्भवतींपैकी निम्म्याहून अधिक, शंभरात ५२, रक्तक्षयाच्या आढळल्या. जिला विहिरीवरून चार पायऱ्या चढताना धाप लागते, तिच्याकडून रात्री उत्साहाची अपेक्षा करणे योग्य नाही. लोहाच्या गोळ्या मिळतात तशा तिने घेतल्या का, हे आधी बघावे.

चौथ्यापासून सहाव्या-सातव्या महिन्यापर्यंत उलट्या थांबतात, जेवण जाते, चेहऱ्यावर तेज येते. ओटीपोटाकडचा रक्तपुरवठा वाढलेला असतो. या काळात काही बायकांची इच्छा परत येते, काहींची तर पूर्वीपेक्षाही वाढते. आणि इथेच त्या सर्वांत जास्त गप्प बसतात. पोटात लेकरू असताना मनात असे काही येणे म्हणजे आपल्यातच काहीतरी वाईट आहे, असे त्यांना वाटते. भगिनींनो, त्यात वाईट काहीच नाही. रक्तपुरवठा वाढला की असे होते, इतकी साधी ती गोष्ट आहे. नवऱ्यांपैकीही काहींचे मन या काळात आपोआप मागे सरते. आई होणाऱ्या बाईकडे त्या नजरेने कसे पाहावे, असे त्यांना होते. तो गप्प, तीही गप्प. मग ती समजते, पोट सुटले म्हणून मी आता आवडत नाही.

शेवटच्या तीन महिन्यांत पोट मोठे होते, कंबर धरते, लघवीला सारखे जावे लागते. उताणे झोपले की गर्भाशयाचा भार पाठीकडच्या मोठ्या रक्तवाहिनीवर पडतो आणि काहींना घेरी येते. म्हणून कुशीवर झोपावे, आणि संबंध असलाच तर तोही तसाच, पोटावर भार न देता, तिला सोसेल तेवढाच. त्यानंतर थोडा वेळ पोट घट्ट झाल्यासारखे वाटते व आपोआप सैल पडते, त्याला घाबरू नये. ठरावीक अंतराने पुन्हापुन्हा आवळू लागले तर मात्र दवाखाना गाठावा. ‘शेवटच्या महिन्यात संबंध ठेवला की बाळंतपण सोपे होते’ असेही काही ठिकाणी सांगतात. त्याला पक्का पुरावा नाही. तेवढ्यासाठी तिच्यामागे लागू नये. आणि संबंध म्हणजे एकच एक गोष्ट असे समजणारांनी हेही लक्षात घ्यावे की, पाय चेपून देणे, कंबरेला तेल लावून देणे, शेजारी पडून दोन शब्द बोलणे हाही नवरा-बायकोचा संबंधच आहे. पुष्कळ बायकांना त्या दिवसांत एवढेच हवे असते. आणि ती नाही म्हणाली तर तो नकार आहे. लग्न झाले म्हणून तो मोडता येत नाही. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्यात घरातली लैंगिक जबरदस्तीही धरलेली आहे.

आता संबंध कधी पूर्ण बंद ठेवायचा, ते नीट वाचा. अंगावरून रक्त गेले, मग ते थेंबभर का असेना. पाणमोट फुटून किंवा झिरपून पाणी जाऊ लागले. सोनोग्राफीत वार खाली, गर्भाशयाच्या तोंडावर आहे असे सांगितले. पूर्वी दिवस भरायच्या आत बाळंतपण झालेले आहे, किंवा गर्भाशयाच्या तोंडाला टाका घातलेला आहे. अशा वेळी डॉक्टर सांगतील तोपर्यंत संबंध ठेवू नये. जुळे असेल तर विचारून घ्यावे. वार पाचव्या महिन्यात खाली दिसली तरी गर्भाशय वाढते तशी ती बहुतेक वेळा वर सरकते, म्हणून पुढच्या तपासणीत पुन्हा विचारावे. हे विचारणार कोण? नवऱ्याने सोबत जावे. २०१६ पासून दर महिन्याच्या ९ तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाखाली सरकारी दवाखान्यात गर्भवतींची डॉक्टरांकडून मोफत तपासणी होते. बाजाराचा वार लक्षात राहतो तशी ही तारीख लक्षात ठेवावी. ‘संबंध ठेवायला हरकत आहे का?’ एवढे एकच वाक्य विचारायचे आहे. डॉक्टरांना त्यात नवल वाटत नाही. आपल्यालाच घाम फुटतो.

अंगावरून पांढरे जाण्याविषयीही लिहिले पाहिजे. गर्भारपणात पातळ, दुधासारखे, वास नसलेले पाणी जास्त जाते. ते नैसर्गिक आहे. पण दह्याच्या कवडीसारखे आणि खाज सुटणारे, किंवा हिरवट-पिवळे आणि घाण वासाचे असेल, लघवीला आग होत असेल, तर तो संसर्ग आहे आणि त्यावर उपचार आहेत. गर्भारपणात लघवीचा संसर्ग अंगावर काढला तर तो मूत्रपिंडापर्यंत जातो आणि दिवस भरायच्या आत कळा सुरू होण्याची भीती असते. संबंधाच्या वेळी दुखण्याचे कारणही पुष्कळदा हाच संसर्ग असतो. नवऱ्याला वाटते ती टाळाटाळ करते आहे, आणि तिला खरोखरीच आग होत असते.

हे दुखणे बायका किती मुकाट्याने सोसतात, ते आपल्याच राज्यात मोजले गेले आहे. डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोली जिल्ह्यातल्या दोन खेड्यांत ६५० बायकांची तपासणी केली. १९८९ साली ती पाहणी ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाली. शंभरातल्या ९२ बायकांना अंगाचा कोणता ना कोणता आजार निघाला, आणि शंभरातल्या फक्त ८ जणींची त्याआधी कधी तशी तपासणी झालेली होती. ज्यांनी तक्रार केली नाही त्याही आजारी निघाल्या, हे त्यातले खरे सांगणे. सारे जग ते वाचून चकित झाले. आपल्या घरातल्या म्हाताऱ्या बायकांना विचारले असते तर त्यांना चकित व्हायचे कारण नव्हते.

इथे एक नाजूक गोष्ट आहे. दिवस गेलेलेच आहेत, मग निरोध कशाला, असे पुरुष म्हणतात. मूल राहण्याची भीती नाही हे खरे, पण रोग लागण्याची भीती तशीच राहते. जो पुरुष ट्रकवर, कारखान्यावर, परगावी असतो आणि ज्याचे पाऊल बाहेर वाकडे पडले आहे, त्याने घरी आल्यावर निरोध वापरावा आणि दवाखान्यात रक्त तपासून घ्यावे. गर्भवतीची एचआयव्ही आणि गरमीची तपासणी सरकारी दवाखान्यात होतेच. ती वेळेवर कळली तर उपचाराने मुलाला वाचवता येते.

आता बाळंतपणानंतरचे. माझ्या मते सर्वांत जास्त हेळसांड इथे होते, आणि तीही पहिल्या खेपेला नव्हे, दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला.

आपली जुनी रीत बघा. पहिले बाळंतपण माहेरी. सातव्या महिन्यात डोहाळजेवण, ओटीभरण झाले की लेक माहेरी जाते आणि बाळ-बाळंतीण सव्वा महिना, कधी तीन महिने झाल्याशिवाय सासरी येत नाहीत. शेक-शेगडी, डिंकाचे लाडू, अळीवाची खीर चालू असते. जावई भेटायला येतो, चहा घेतो आणि परत जातो. वार सुटते तिथे गर्भाशयाच्या आत एक मोठी जखम असते. ती भरायला आणि गर्भाशय आकसून जागेवर यायला जवळजवळ सहा आठवडे लागतात. तेवढे दिवस कमी-अधिक रक्त जात राहते. म्हणून डॉक्टर सहा आठवडे संबंध टाळायला सांगतात. सव्वा महिना म्हणजे त्याच्या आसपासच आले. बाळंतिणीला शिवायचे नाही, ती विटाळशी, हे त्या रीतीतले भाग मला पटत नाहीत आणि ते टाकून द्यावेत. पण तिला एकटे, निवांत झोपू देणारी ती रीत शरीराला धरूनच होती.

दुसऱ्या बाळंतपणाला मात्र हे कुंपण नसते. माहेरी भावजय आलेली असते, आई थकलेली असते, मोठे मूल अंगणवाडीत घातलेले असते. बाळंतपण सासरीच होते. बारसे झाले की पाहुणे जातात आणि तेराव्या दिवशी बाई चुलीपुढे, नाहीतर शेतात. रात्री नवरा त्याच खोलीत. तिथे रीतही नाही आणि कोणी बोलणारेही नाही. डॉक्टरीणबाईंनी मला एका बाईची हकिकत सांगितली. कांदा लागवडीचा हंगाम, मजूर मिळेना, म्हणून दुसऱ्या बाळंतपणानंतर पंधरा दिवसांत ती वाफ्यात उतरली होती. तिसऱ्या आठवड्यात नवऱ्याशी संबंध आला. दोनदा ती नाही म्हणाली होती, तिसऱ्यांदा म्हणाली नाही, कारण भांडण झाले तर सासूला कळेल. आठ दिवसांनी थंडी वाजून ताप, ओटीपोटात कळा, घाण वासाचे जाऊ लागले. तरी दोन दिवस तिने तापाची गोळी घेऊन लागवड पुरी केली. मग तिला उचलूनच आणावे लागले. वेळेवर शिरेतून औषध मिळाले म्हणून वाचली. नवरा दवाखान्याच्या पायरीवर बसून रडत होता, वाईट माणूस नव्हता. सहा आठवडे थांबायचे असते, हे त्याला कोणी सांगितलेच नव्हते. त्याच्या गोठ्यातल्या गाईला मात्र व्याल्यावर ६० दिवस तो भरवत नव्हता. आधीचे दोन महिने दूध आटवून तिला विश्रांती देत होता. हे सगळे आम्हीच त्याला शिकवलेले.

ऊसतोडीला आपल्याकडे येणाऱ्या बायकांची अवस्था याहून अवघड. नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो. ती बसली तर उचल फिटत नाही. कोपीला दार नाही, आंघोळीला आडोसा नाही. बीड जिल्ह्यात ऊसतोड बायकांची गर्भाशये काढण्याचे प्रकरण २०१९ साली पुढे आले. सरकारी समितीच्या पाहणीत अशा १३ हजारांहून अधिक बायका आढळल्या. बाळंतपणानंतरचा संसर्ग, सतत पांढरे जाणे आणि खाडा परवडत नाही ही विवंचना यांतून पुष्कळजणी त्या टेबलापर्यंत पोचल्या. तुमच्या उसात टोळी उतरली असेल आणि तीत ओली बाळंतीण असेल, तर आशाताईंना एवढे कळवा. ते तुमच्या हातात आहे.

सिझेरियन झाले तर ‘खाली काही झालेलेच नाही’ असे समजून लवकर संबंध ठेवला जातो. आतली वारेची जखम सिझेरियनमध्येही तशीच असते, शिवाय पोटाचे टाके. सहा आठवडे तिथेही धरावेत. खाली टाके घातले असतील तर ते पूर्ण भरल्याशिवाय, आणि तिचे दुखणे थांबल्याशिवाय नको. या सहा आठवड्यांत पाण्याचा हंडा, गवताचा भारा, कांद्याची गोणी उचलू नये. गाईचे मायांग बाहेर आलेले तुम्ही पाहिले आहे. बाळंतपणानंतर ओटीपोटाचे स्नायू सैल असताना ओझे उचलल्याने बाईचेही अंग बाहेर येऊ लागते, आणि मग संबंध ही आयुष्यभराची शिक्षा होऊन बसते.

सहा आठवडे झाले, जखम भरली, तरी बायको जवळ येऊ देत नाही, ही तक्रार नवरे करतात. अंगावर पाजणाऱ्या आईच्या शरीरात दूध उतरवणारे संप्रेरक वाढलेले असते आणि इच्छा व ओलावा देणारे कमी झालेले असते. त्यामुळे योनिमार्ग कोरडा राहतो, दुखते, इच्छा होत नाही. भरपूर दूध देणारी गाय व्याल्यावर लवकर माजावर येत नाही, तेव्हा तुम्ही तिला दोष देत नाही. खुराक वाढवता, वाट पाहता. बाईला खुराक तर हवाच, पण रात्री दोनदा उठून लेकराला खांद्यावर घेणारा नवराही हवा. कोरडेपणासाठी औषधांच्या दुकानात पाण्यात विरघळणारी जेली मिळते. खोबरेल तेलही चालते, पण निरोधाबरोबर तेल कधीही वापरू नये, रबर फाटते. तीन महिन्यांनंतरही दुखत असेल तर टाके, संसर्ग यांची तपासणी करून घ्यावी. आणि बाळंतीण दोन आठवड्यांहून जास्त दिवस उदास असेल, रडत असेल, लेकराकडेही बघत नसेल, तर ते नखरे नव्हेत. तो आजार आहे, त्यावर औषध आहे.

‘पाळी आली नाही म्हणजे दिवस राहत नाहीत’ हा समज तर घरोघर आहे. बीज पाळीच्या आधी सुटते. म्हणून बाळंतपणानंतर एकदाही पाळी न येता बायका पुन्हा गरोदर राहतात आणि तीन महिने त्यांना कळतही नाही. अंगावरच्या दुधाचा भरवसा धरायचा तर तीन गोष्टी एकदम जुळाव्या लागतात: बाळ सहा महिन्यांच्या आतले, त्याला रात्रंदिवस फक्त आईचेच दूध आणि पाळी अजून आलेली नाही. यातली एकही सुटली की दुसरा उपाय हवा. तांबी बाळंतपणानंतर ४८ तासांच्या आत किंवा सहा आठवड्यांनी बसवता येते. निरोध आहे. तीन महिन्यांचे ‘अंतरा’ इंजेक्शन पाजणाऱ्या आईला सहा आठवड्यांनंतर देतात, आणि लखनौच्या संशोधन संस्थेने शोधलेली ‘छाया’ ही गोळी पाजणाऱ्या आईला चालते. ‘माला-एन’ मात्र पहिले सहा महिने नको, दूध कमी होते. पुढचे दिवस राहण्याआधी किमान दोन वर्षे जावीत, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. आणि दोन मुले झाली असतील तर पुरुषाची नसबंदी बाईच्या शस्त्रक्रियेहून सोपी आहे. त्याने नांगर धरायची ताकद जात नाही, दुसरीही जात नाही.

हे सगळे सांगायला घरी येणारे माणूस आता आहे. आपल्याच जिल्ह्यात जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० साली काम सुरू केले आणि गावातल्याच, पुष्कळशा अक्षरओळख नसलेल्या बायकांना आरोग्याचे शिक्षण दिले. त्यासाठी १९७९ साली त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. बाई बाईला सांगते तेव्हा ती ऐकते, हे जामखेडने देशाला दाखवले. आज आशाताई बाळंतपणानंतर तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी घरी येते. बेचाळिसावा दिवस म्हणजे बरोबर सहा आठवडे. ती बाळाचे वजन करते, नोंद करते आणि जाते, कारण कोणी तिला दुसरे काही विचारत नाही. त्या दिवशी नवऱ्याने शेतावर निघून जाऊ नये. जखम भरली का, तांबीसाठी कधी यायचे, हे दोघांनी मिळून विचारावे.

या विषयावर पत्र पाठवताना नाव-गाव घातले नाही तरी चालेल. वय, कितवे बाळंतपण, ते होऊन किती दिवस झाले आणि बाळ अंगावर पिते का, एवढे मात्र लिहा. डॉक्टरीणबाईंना विचारून याच सदरातून उत्तर देईन.